पेणकरांची पाल इस्राएलला निघते

राफेल पेणकर इस्राएलला कायमचे राहायला गेले, ही बातमी त्यांच्या मुलीला कुरिअर कंपनीकडून कळली. तोपर्यंत दिनाची अशी समजूत होती की पप्पा पनवेलच्याच दफनभूमीत, आईच्या शेजारी आहेत. शकीलभाईंनी खांदा दिला होता, अर्ध्या पनवेलनं माती दिली होती. पण कंपनीच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलं होतं: ‘ग्राहक परदेशी स्थलांतरित. देश: इस्राएल. पार्सल पुढील कार्यवाहीसाठी कळंबोली गोदामात.’

त्याखाली एक हसरा चेहरा होता, आणि आमची सेवा कशी वाटली असं विचारलं होतं.

पार्सलात एक पाल होती. खरी नव्हे, पण मापानं खरी. हे नीट सांगायला हवं, कारण पुढे ज्या ज्या माणसाला दिनानं हे सांगितलं त्या प्रत्येकानं तिच्याकडे काळजीनं पाहिलं.

पप्पा उरणच्या गॅस प्लांटमध्ये ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी पाइप काढले. निवृत्तीनंतर फोनवर त्यांना खारघरच्या प्रांजल नावाच्या मुलीची चित्रकथा सापडली. ही मुलगी स्वतःच काढायची, स्वतःच छापायची, स्वतःच विकायची. नायिका एक पाल. ती एका हौसिंग सोसायटीच्या ऑफिसात ट्यूबलाइटमागे राहते, प्रत्येक मीटिंग ऐकते, आणि सभासदांबद्दल तिचं मत चांगलं नाही. पप्पांनी पहिला भाग वाचला आणि ताबडतोब तिला लिहिलं की दुसऱ्या चौकटीतली शिडी ज्या कोनात टेकवली आहे त्या कोनात ती घसरेल आणि माणूस मरेल. प्रांजलनं आभार मानून शिडी बदलली. पप्पा त्या दिवसापासून तिचे झाले. चूक दाखवल्यावर जी व्यक्ती रागावत नाही तिला आपण जपलं पाहिजे, असं ते दिनाला जेवताना म्हणाले. दिना कॉलेजात ग्रंथपाल होती, तिनं बरंच काही वाचलं होतं, पण वडिलांना पालीच्या गोष्टीवर इतकं हसताना पाहून तिनंही मुकाट्यानं सगळे भाग वाचून काढले.

मग प्रांजलनं चाहत्यांसाठी खास पाकीट काढलं. एक टी-शर्ट, एक बिल्ला, थोडे स्टिकर, आणि जाड प्लास्टिकची, भिंतीला चिकटवायची, हुबेहूब मापाची पाल. पप्पांनी घाईनं मागवलं. टी-शर्टची त्यांना हौस नव्हती. त्यांना पाल हवी होती, आणि ती समोरच्या दारासाठी.

समोरच्या दारात शोभाकाकू राहतात. शोभाकाकू सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरला रडवू शकतात, पण पालीला भितात. त्यांच्याकडे पाल निघाली की जिन्यात हाक यायची, “राफेलभावजी, झाडू घेऊन या हो.” पप्पा असतील तसे उठायचे. अर्धी दाढी झालेली असो की शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथची, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाची, मेणबत्ती नुकतीच लागलेली असो. मारायचे नाहीत. झाडूनं तिला खिडकीपर्यंत पोचवायचे, पाहुण्याला स्टेशनवर सोडल्यासारखी.

या उपकाराची फेड शोभाकाकू अशी करायच्या: पेणकरांच्या दारातला पेपर रोज सकाळी आधी त्या न्यायच्या आणि शब्दकोडं सोडवून परत आणून ठेवायच्या. तेही पेनानं. पप्पांनी तक्रार केली की म्हणायच्या, चुकलं असेल तर सांगा. चुकलेलं नसायचं, हे पप्पांचं खरं दुःख होतं.

म्हणून पप्पांनी प्रांजलकडून खास एकच पाल करून घेतली. तिच्या काखेत घडी घातलेला पेपर होता आणि पुढच्या पायात पेन. शेपटीचा बाक त्यांनी इतक्या वेळा बदलायला लावला की त्या मुलीला पाइप काढत असल्यासारखं वाटलं असावं. पाल शोभाकाकूंच्या बेलच्या वर चिकटवायची होती. दुहेरी टेप खालच्या शकीलभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानातून आली, त्यामुळे कटात ते तिसरे. प्रांजल म्हणाली होती, खारघर ते पनवेल म्हणजे काय, मीच आणून देते. पप्पा नको म्हणाले. पार्सल आलं पाहिजे. दारात उभं राहून सही करून घेतलं पाहिजे. आयुष्यात आपल्या नावानं आजवर फक्त बिलं आली, असं त्यांचं म्हणणं होतं.

नंतर ते हॉस्पिटलात होते तेव्हा रोज दिनाला पहिला प्रश्न तोच असायचा. आला का कुरिअरवाला? डॉक्टरला वाटायचं औषधाचं काही मागवलंय. एकदा त्यांनी शकीलभाईंना भिंतीवरचं माप पुन्हा तपासून यायला पाठवलं.

कुरिअरवाला आला, पण पप्पा गेल्यानंतर, शोकाच्या सात दिवसांत. घरातले आरसे झाकलेले होते, दिना जमिनीवर गादीवर बसून होती आणि येणारेजाणारे तिच्यापुढे उकडलेली अंडी आणि सल्ले ठेवत होते. बाहेर शोभाकाकू स्टूल टाकून बसल्या होत्या. त्यांनी ही ड्यूटी स्वतःच लावून घेतली होती. केबलवाला, मतदार यादीवाला, कुणालाही त्या दिनापर्यंत पोचू देत नव्हत्या. त्या आठवड्यात पेणकरांच्या घरात जी शांतता होती ती शोभाकाकूंची होती, हे दिना पुढेही कधी नाकारणार नव्हती. फक्त त्या शांततेतून तिची पाल परत गेली.

“मग काय सांगणार होते मी त्याला?” जाब विचारल्यावर शोभाकाकू म्हणाल्या. दिना आत गादीवर बसलेली. दारात एक परका माणूस राफेल पेणकर कोण म्हणून नाव घेऊन ओरडतोय. तो शब्द उंबऱ्यात उभं राहून त्याला सांगायचा? शिवाय सुतकात घरात नवी वस्तू घ्यायची? त्यांनी आपलं सांगून टाकलं की ते कायमचे इस्राएलला राहायला गेले. तुमच्यात सगळे जातातच की. तळमजल्यावरचे अष्टमकर गेले, तुझा भाऊ ओरेन गेला. इस्राएल म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

हे मात्र खरं होतं. पनवेलमध्ये ज्यू माणसाच्या दाराला कुलूप दिसलं की लोक इस्राएल समजून चालायचे, मग तो पेणला मावशीकडे गेलेला का असेना. कुरिअरवाल्यानंही पुढे काही विचारलं नाही. त्यानं नोंद केली आणि जिना उतरला.

पार्सलात काय आहे, असं काकूंनी विचारलं. पप्पांचं काही चित्रबित्र आहे, एवढंच दिना म्हणाली.

वेबसाइटवर मदतीसाठी एक यंत्र होतं, त्याचं नाव सखी. सखीनं दिनाला आपल्याला तिची अडचण समजते असं कळवलं. दिनानं लिहिलं की माझे वडील वारले आहेत आणि त्यांचं पार्सल मला हवं आहे. सखीनं अभिनंदन केलं. मग चूक लक्षात आल्यासारखी थांबली आणि तिनं तेच अभिनंदन हिंदीत केलं. त्या संध्याकाळी पप्पांच्या फोनवर संदेश आला: ‘प्रिय राफेल, आपलं पार्सल आपल्या नव्या ठिकाणी लवकरच आपल्यापर्यंत पोचेल.’

दिना तो फोन अजून रोज चार्ज करत असे. तिनं संदेश वाचला, फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी घासली, जी घासलेलीच होती. तिचं कंपनीबद्दल काही म्हणणं नव्हतं. धंदा आहे. पण माणसानं जे आपल्या हातात नाही त्याची आश्वासनं देऊ नयेत, एवढं तरी शाळेत शिकवायला हवं.

सल्ले मात्र सगळ्यांकडे होते. सोसायटीचे सेक्रेटरी विनायक पाटणकर म्हणाले, सोसायटीच्या लेटरहेडवर दाखला देतो, आणि खरोखरच दिला: ‘सदर सभासद हयात नसून परदेशीही नाहीत.’ खाली शिक्का. दिनानं तो वाचून त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा ते म्हणाले, हवं असेल तर मीटिंगमध्ये ठराव करून घेऊ. इस्राएलातल्या अश्दोदहून ओरेननं फोनवर सुचवलं, येऊ दे इकडे, मी सही करून घेतो. पाल पनवेलहून अश्दोदला येईल आणि मग तो तिला पनवेलला पाठवेल, यात त्याला काही विचित्र वाटत नव्हतं. तिकडे राहून माणूस शिस्तीचा होतो. प्रांजलनं दुसरी पाल करून देते म्हणून लिहिलं, पण शेवटी तिनंच कबूल केलं की ती तशी होणार नाही. ज्या पालीला राफेलकाका हो म्हणाले होते ती कळंबोलीत होती.

शकीलभाईंचा सल्ला सगळ्यात साधा होता. त्यांचा टेंपो कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया आणायला जातच असे. “तू बस पुढे,” ते म्हणाले. “राफेलभाईंचं काम अर्धं नको राहायला.”

गोदाम ट्रक टर्मिनलच्या मागे होतं. एक खिडकी, खिडकीवर जाळी, जाळीमागे एक माणूस आणि त्याच्यासमोर संगणक. दिनानं मृत्यूचा दाखला, आधारकार्ड, स्वतःचा जन्मदाखला आणि विनायकरावांचं लेटरहेड, सगळं एकावर एक ठेवलं. त्या माणसानं मृत्यूचा दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला.

“हा पनवेलचा आहे,” तो म्हणाला.

पप्पा पनवेललाच वारले, असं दिनानं सांगितलं.

“पण इथं तर ते इस्राएलला गेलेत. तिथून परत आले आणि मग वारले का?”

तिनं सांगितलं की ते कधीच गेले नाहीत. पासपोर्टसुद्धा कधीच संपलेला होता. त्या माणसानं सहानुभूतीनं मान हलवली आणि संगणकाकडे बोट केलं. दाखला कागदाचा होता, संगणक विजेवर चालत होता. दाखला म्हणत होता माणूस नाही, संगणक म्हणत होता आहे आणि सुखात आहे. दोघांपैकी पगार कोण देतो याचा विचार करता तो कुणावर विश्वास ठेवणार हे उघड होतं.

मग त्यानं पार्सलाच्या नोंदीवर काय लिहिलंय ते वाचलं आणि त्याचा आवाज मऊ झाला. स्टिकर आणि खेळण्याचं सामान आहे, मॅडम. एवढ्यासाठी कशाला उन्हातान्हात. मुलासाठी आहे का?

“अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसासाठी आहे,” दिना म्हणाली.

तिनं हे ज्या आवाजात म्हटलं त्यानंतर त्यानं ती नोंद पुन्हा एकदा वाचली. पण नियम त्याच्याही हातात नव्हता. ज्या व्यक्तीनं स्थलांतराची माहिती दिली, तिनंच येऊन ती बदलली तर पार्सल सोडता येईल. नाहीतर आठवडाअखेर ते विमानाच्या गाडीत जाईल. दिनानं टेंपोत बसून शकीलभाईंना विचारलं की पाल विमानात जाऊ शकते का. ते म्हणाले, राफेलभाई असते तर कागदावर काढून दाखवलं असतं.

शोभाकाकू यायला तयार नव्हत्या. मी खोटं बोलले असं सगळ्यांसमोर जाऊन सांगू? या वयात? तेही कळंबोलीत, जिथं माझी नणंद राहते? दिनानं समजावलं, विनायकरावांनी समजावलं. काकूंनी गुडघ्याचं कारण काढलं, मग उन्हाचं, मग नणंदेचं पुन्हा. पेपर मात्र त्या हल्ली न्यायच्या नाहीत. पप्पा गेल्यापासून तो दिनाच्या पायपुसण्यावर तसाच पडलेला असायचा, कोडं कोरं. दिनाला ती कोरी घरं पाहवत नसत. तिनं ते कोडं स्वतः एकदा सोडवायला घेतलं आणि पहिल्याच आडव्या शब्दाला सोडून दिलं.

“काकू,” ती शेवटी म्हणाली, “ती वस्तू पप्पांनी तुमच्यासाठीच मागवली होती.”

हे खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शोभाकाकू ठेवणीतली साडी नेसून टेंपोच्या पुढच्या सीटवर बसल्या, एका बाजूला शकीलभाई, दुसऱ्या बाजूला दिना. वाटभर त्या राफेलभावजींनी आपल्यासाठी काय मागवलं असेल याचे अंदाज बांधत होत्या. चित्र आहे म्हणालीस ना? सरस्वतीचं असेल. मला एकदा म्हणाले होते, तुमच्या घरात एक चांगलं चित्र नाही. शकीलभाई रस्त्याकडे इतकं लक्ष देऊन पाहत होते की तसं त्यांनी लायसन्स काढतानाही पाहिलं नसेल.

खिडकीपाशी काकूंनी पदर सावरला. त्या माणसानं विचारलं की आपणच माहिती दिली होती का. त्या हो म्हणाल्या. मग आता माहिती काय आहे?

“ते आता नाहीत,” काकू म्हणाल्या.

“हो, इस्राएलला.”

“तसं नाही. देवाघरी.”

त्यानं संगणकाच्या यादीत पाहिलं. घर बंद, ग्राहकाचा नकार, पत्ता चुकीचा, स्थलांतरित, मयत. तो म्हणाला की मला यातलंच एक निवडावं लागतं. काकूंनी मग कैलासवासी म्हणून पाहिलं, पण राफेल पेणकर कैलासाला गेले हे त्यांनाच पटलं नसावं, कारण त्या अर्ध्यात थांबल्या. मागे रांग वाढत होती. सळयांच्या ट्रकचा हॉर्न वाजत होता. दिना जाळीच्या बाजूला उभी होती. तिच्या लक्षात आलं की ‘गेले’, ‘वारले’ यांच्या पलीकडचा तो उघडा शब्द आजवर कुणीच, तिनंसुद्धा, मोठ्यानं उच्चारला नव्हता. दाखल्यावर लिहून मिळाला तो तेवढाच.

शोभाकाकूंनी दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. पनवेलमध्ये इतकी वर्षं काढून त्यांची भाषा घासून शहरी झाली होती, ती त्या एका वाक्यापुरती उरणच्या आपल्या गावाला परत गेली.

“मेले ते,” त्या म्हणाल्या. “इस्राएलला नाय गेले. कुठंच नाय गेले. पेणकर मेले. लिव तसं.”

त्या माणसानं लिहिलं. रांगेतल्या एकानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. शोभाकाकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि दिनाकडे न बघता तिला म्हणाल्या, “झालं? आता दे म्हणावं माझं चित्र.”

वाटेत त्यांनी पार्सल मांडीवर घेतलं होतं. दिनानं सांगितलं की आधी पप्पांच्या फोटोपुढे ठेवते, मग तुम्हाला देते. यात अनादर नव्हता, म्हणून काकूंनी दिलं. घरी दिनानं ते उघडलं. टी-शर्ट मोठ्या मापाचा होता, पप्पा आजारी पडायच्या आधीच्या मापाचा. तो तिनं बाजूला ठेवला. पाल अगदी हवी तशी होती. शेपटीचा बाक बघून दिनाला कळलं की तो एवढ्या वेळा का बदलला. आता ती खरोखर वळून पाहत होती. काखेत पेपर. पायात पेन.

तिनं विचार केला. ज्या बाईनं आज त्या खिडकीपाशी ते वाक्य उच्चारलं, तिला संध्याकाळी असं घाबरवावं का? सभ्य माणूस घाबरवणार नाही. दिना स्वतःला सभ्य समजत असे. मग तिला आठवलं की पप्पांनी हॉस्पिटलातून शकीलभाईंना माप तपासायला पाठवलं होतं.

तिनं दार हळूच उघडलं. शोभाकाकूंच्या बेलच्या वर, भिंतीवर, पेन्सिलीची एक बारीक फुली होती. ड्राफ्ट्समनची फुली, दोन्ही रेघा सारख्या. दिनानं टेप लावली, पाल फुलीवर बसवली, अंगठ्यानं शेपटीपर्यंत दाबली, बेल वाजवली आणि आत पळून दार लावून घेतलं. असं ती लहानपणीसुद्धा कधी पळाली नव्हती.

समोरचं दार उघडलं. किंकाळी खालच्या दुकानापर्यंत गेली असणार, कारण शटर खाली ओढायचा आवाज मध्येच थांबला. आणि मग जिन्यात, नेहमीच्या सुरात, नेहमीच्या घाईत हाक आली:

“राफेलभावजी, झाडू घेऊन या हो.”

नंतर काहीच आलं नाही. जिन्यातली सगळी दारं गप्प होती. दिना आतल्या बाजूनं दाराला हात लावून उभी राहिली. मग ती स्वयंपाकघरात गेली, झाडू उचलला आणि बाहेर आली.

शोभाकाकू चौकटीत तोंडावर हात धरून उभ्या होत्या. आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलेलं दिसत होतं.

“कुठे आहे?” दिनानं विचारलं. पप्पा विचारत तसंच, कंटाळल्यासारखं.

काकूंनी बोट दाखवलं. मग त्या थोड्या पुढे वाकल्या. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेतला. पेपर पाहिला. पेन पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“हे,” त्या म्हणाल्या, “हे घ्यायला मला नेलंस? ठेवणीतली साडी नेसवून? सळयांच्या टेंपोतून?”

“मापानं केली आहे,” दिना म्हणाली.

“दिसतंय मापानं केली आहे. मेला चावट माणूस.” दिनानं झाडू वर केला तशी त्या म्हणाल्या, “हात लावू नकोस.” आणि दार धाडकन लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनानं पेपर उचलला. आत शब्दकोडं होतं. पूर्ण सोडवलेलं, पेनानं, एकही खाडाखोड नाही. दिना तिथंच पायपुसण्यावर उभी राहिली आणि तिला पप्पांसारखाच, मनापासून, अंगभर संताप आला.